परतफेड कधी?

बँकेत असताना कर्जाचा अर्ज आला की माझा पहिला प्रश्न असे, 'परतफेड कधी?' मारिया गोपर्ट-मायर यांचा अर्ज मी नामंजूरच केला असता. अणू प्रकाशाचे दोन कण एकदम गिळू शकतो, हे त्यांनी १९३१ साली मांडले. पडताळा आला १९६१ मध्ये, लेसर निघाल्यावर. पुढे १९९० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब या मंडळींनी त्यावर सूक्ष्मदर्शक उभारला. मग लेसरवाल्यांच्या टेबलावर उंदीर आले. जिवंत मेंदूतल्या पेशी न कापता दिसू लागल्या.

आई शेवटी मला 'साहेब' म्हणे, खात्यातली शिल्लक विचारी. तिच्या डोक्यात काय चालले होते? हा प्रकाश आत जातो साधारण एक मिलिमीटर. मी रोज शिल्लक सांगत असे.