मनगटाला पायाचे काय कळते?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडी अकोल्याकडे निघतात. तिथल्या राजराजेश्वर मंदिरापर्यंतचे अंतर सुमारे १८ किलोमीटर. आता या चालणाऱ्यांच्या मनगटावरही पावले मोजणारी घड्याळे दिसतात. एकाच मंडळातल्या, बरोबर निघून बरोबर पोचलेल्या दोघांचे आकडे काही हजारांनी वेगळे आले, तर घड्याळ बिघडले असे लगेच समजू नये.

काही फरक खराच असतो. ७० सेंटीमीटरचे पाऊल टाकणाऱ्याला १८ किलोमीटरसाठी सुमारे २५,७०० पावले लागतात, ६० सेंटीमीटरवाल्याला ३०,०००. उरलेला फरक मात्र हाताचा आहे. घड्याळ पाय मोजतच नाही. ते हात पाहते आणि त्यावरून पायांचा अंदाज बांधते.

त्याच्या पोटात त्वरणमापकाची चिप असते. तीत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत एसटीत उभ्याने गेलेल्याला त्याचे काम चटकन कळेल. ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो, गाडीने वेग घेतला की मागे जातो, वळणावर शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो. डोळे मिटले तरी गाडीने काय केले हे आपला तोल सांगतो. चिपमधला तुकडा हा असाच उभा प्रवासी. तो किती सरकला हे विद्युतधारितेतल्या बदलावरून मोजले जाते, तिन्ही दिशांना, सेकंदाला कित्येक वेळा. ही मोजणी इतकी सूक्ष्म आहे की तिचे मला दर वेळी नवल वाटते. पण उभ्या प्रवाशाला धक्का कळतो, ड्रायव्हरने ब्रेक गाय आडवी आली म्हणून दाबला की थांबा आला म्हणून, हे कळत नाही. ते ठरवण्याचे काम सॉफ्टवेअरचे, आणि चूक तिथेच होते.

साधारण चालीत सेकंदाला जवळपास दोन पावले पडतात. प्रत्येक पावलाला अंगाला हिसका बसतो आणि दोन पावलांत हाताचा एक झोका पुरा होतो. सॉफ्टवेअर हीच लय शोधते. लय काही पावले टिकली तरच ती खरी मानायची, असा नियम बऱ्याच घड्याळांत असतो. म्हणून ओट्यापासून फ्रिजपर्यंतची चार पावले अनेकदा हिशेबात येत नाहीत. चाल फार संथ असली तर हिसका इतका हलका होतो की म्हातारी माणसे चालूनही न चालल्यासारखी दिसतात.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून खरी पावले मोजली. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्या तपासणीत अंगावर घालायची उपकरणे दीड टक्क्यापासून जवळपास २३ टक्क्यांपर्यंत कमी मोजत होती. तीही सपाट पट्ट्यावर, मोकळ्या हातांनी.

वऱ्हाडात मोकळ्या हातांनी चालणारे किती? कावडीचा बांबू खांद्यावर घेऊन हाताने धरला की मनगटाचा झोका संपतो. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यातून पुढे जाते. त्या रांगेत पताका धरणाऱ्याचा हात स्थिर, तर टाळकऱ्याचे हात भजनाच्या ठेक्यावर. ठेका चालीच्या लयीजवळ आला, तर बसून टाळ वाजवणाऱ्याच्याही खात्यात पावले जमा होऊ शकतात. आणि पऱ्हाटीच्या तासातून ओटी बांधून कापूस वेचत जाणारी बाई? तिची पावले आखूड, थांबत थांबत पडणारी. हात मात्र बोंडाकडून ओटीकडे अखंड चालू. दिवसभर शेतात राबणाऱ्या या बाईचा आकडा काय येईल, याची खात्री कोणत्याही जाहिरातीत दिलेली नसते.

याहून भरवशाची मोजणी दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने केली, आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही याची खंत वाटते. कुमाऊंचे नैनसिंह रावत. सर्वेक्षण खात्याने त्यांना प्रत्येक पाऊल सारखे टाकण्याची तालीम दिली होती : मैलाला २,००० पावले. हातात जपमाळ, पण मणी १०८ ऐवजी १००. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. त्या मोहिमेत त्यांनी १,२०० मैल पायांनी मोजले. हिशेब केला तर २४ लाख पावले होतात. त्यांचे नातलग किशनसिंह यांना पुढे एका प्रवासात घोड्यावर बसावे लागले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले मोजली!

नैनसिंहांची माळ एकदा पुरी झाली की बरोबर १०,००० पावले होत. आजच्या 'रोज १०,००० पावले' या उद्दिष्टाचा उगम मात्र वेगळा. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पाऊलमापकाच्या नावातच हा आकडा होता. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरेच कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. ती पावले मोजणारे यंत्र स्त्रियांच्या कमरेला होते, मनगटाला नव्हे.

तेव्हा घड्याळ वापरा, पण आपलेच कालचे आणि आजचे आकडे ताडून पाहण्यासाठी. शेजाऱ्याशी पैज लावायला किंवा बक्षिसे वाटायला हा आकडा पुरेसा नाही. एकदा मनाशी मोजत ५०० पावले चाला, मग पिशवी धरून तेवढीच चाला, आणि दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीरशिक्षणाचे काम करते; अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी येत्या वेचणीच्या हंगामात काही मजूर बायांच्या संमतीने त्यांच्या मनगटाला आणि कमरेला यंत्रे बांधावीत, सोबत व्हिडिओवरून खरी पावले मोजावीत आणि निकाल मराठीत छापावेत. खर्च थोडा आहे, आणि हे आकडे आपल्याला हवे आहेत.