‘शोथहर गुण प्रयोगसिद्ध’ : प्रयोग नेमका कशाचा?

औषधांच्या माहितीपत्रकांवर ‘शोथहर गुण प्रयोगसिद्ध’ हे वाक्य आपण वारंवार वाचतो. प्रयोग झालेला असतो, हे खरे. परंतु तो कोणत्या द्रव्यावर व किती मात्रेत झाला, असे प्रतिनिधीस विचारले की संभाषण तेथेच थांबते.

बहुधा हा प्रयोग विंटर, रिस्ली व नस यांच्या १९६२ सालच्या पद्धतीचा असतो. उंदरास अर्क पाजून तासाभराने त्याच्या मागील पंजात एक टक्का कॅराजिनन ०.१ मि.लि. टोचतात व वाढलेली सूज ठरावीक अंतराने मोजतात. ही आशुकारी शोथाची परीक्षा होय. आमवातासारख्या चिरकारी व्याधीचे अनुमान तिच्यावरून काढता येत नाही. त्यासाठी फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटने उत्पन्न केलेल्या संधिशोथाचे, काही आठवडे चालणारे परीक्षण निराळे आहे.

मात्रेचा हिशेब तर क्वचितच होतो. समजा, उंदरास दर किलो वजनास २०० मि.ग्रॅ. अर्क दिला. शरीरपृष्ठाच्या प्रचलित गणिताने माणसास ही मात्रा दर किलोस सुमारे ३२ मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या रुग्णास जवळजवळ २ ग्रॅम अर्क होते. शंभर ग्रॅम वनस्पतीतून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर मूळ द्रव्य २० ग्रॅम झाले. आणि आपण देतो काय? २५० मि.ग्रॅ. चूर्णाच्या दोन गोळ्या, सकाळ-सायंकाळ! शार्ङ्गधरांनी क्वाथास एक पल, म्हणजे आजच्या मानाने सुमारे ४८ ग्रॅम, द्रव्य सांगितले ते उगाच नव्हे.

याहून मूलभूत प्रश्न द्रव्याच्या ओळखीचा. रास्ना म्हणून आयुर्वेदिक फार्माकोपिआ प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने स्वीकारते, दक्षिणेत अल्पिनियाचा कंद वापरतात, तर बंगालात व्हँडा. एकीवरील निष्कर्ष दुसरीस कसा लागू व्हावा? काही वर्षांपूर्वी आमच्या रास्नासप्तकाने पूर्वीसारखा उतार पडत नाही, असे संधिशूलाचे रुग्ण सांगू लागले. आम्ही पथ्यास दोष देत राहिलो. अखेर पोते उघडून पाहिले, तो पानांच्या जागी कंदाचे तुकडे! व्यापाऱ्याच्या मते तीही रास्नाच होती. दोष आमचाही होता. तीन महिने आम्ही मालाकडे पाहिलेच नव्हते.

आता औषधालयात प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना तारीख घालून बरणीत ठेवतो आणि नवा माल त्याच्याशी ताडूनच उतरवून घेतो.