प्रकाशावर जगणारा महाशिंपला आणि आपली जबाबदारी

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत समुद्रातील शिंपल्याविषयी लेख पाहून वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या या मुलखात समुद्र दूरच. तथापि नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी सांभाळली आहे व तीत रंगीबेरंगी महाशिंपलेही वाढवले आहेत. तशीच एक पेटी शाळेच्या विज्ञानकक्षाला भेट द्यावी, अशी त्यांची इच्छा त्यांनी आम्हांस कळवली. या इच्छेमागील कृतज्ञता आम्ही मनापासून जाणतो. परंतु तिला उत्तर देण्यापूर्वी हा जीव कसा जगतो, हे सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

महाशिंपले उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ समुद्रात प्रवाळांच्या सोबतीने राहतात. भारतात ते लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळभित्तींवर आढळतात. त्यांतील सर्वांत मोठी जात, ट्रायडॅक्ना गिगास, एक मीटरहून अधिक लांब आणि दोनशे किलोग्रॅमहून जड होते. पाणबुड्यांचे पाय हा शिंपला पकडून ठेवतो, अशा गोष्टी पूर्वी सांगितल्या जात. त्यांत तथ्य नाही. मोठा शिंपला आपले कवच सावकाश मिटतो, आणि पुष्कळदा ते पूर्ण मिटतही नाही.

या जीवाचे खरे नवल त्याच्या अन्नात आहे. कवचाच्या फटीतून निळा, हिरवा, जांभळा असा मांसल पडदा बाहेर पसरलेला दिसतो. त्याला प्रावार म्हणतात. या प्रावारात असंख्य सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा शिंपल्याला देतात. शिंपला त्यांना निवारा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ नत्रद्रव्ये पुरवतो. शिवाय इतर शिंपल्यांप्रमाणे तो पाणी गाळून त्यातील सूक्ष्मकणही खातो. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे खत, असा हा सहजीवनाचा व्यवहार आहे. म्हणून महाशिंपला पाळणे म्हणजे शेतकऱ्याने पीक सांभाळण्यासारखे आहे. प्रकाश कमी पडला की पीक उपाशी, आणि पिकाबरोबर धनीही उपाशी.

त्यामुळे पहिली अट प्रकाशाची. घरगुती पेटीत दररोज दहा-बारा तास प्रखर एलईडी प्रकाश द्यावा लागतो. क्रोशिया आणि मॅक्झिमा या जातींना प्रकाश सर्वाधिक लागतो. डेरासा आणि स्क्वामोसा थोड्या कमी प्रकाशातही तग धरतात. मात्र डेरासा अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो, तेव्हा लहान पेटीत तो फार काळ मावत नाही. क्रोशिया साधारण वीतभरच राहतो. नवा शिंपला आणल्यावर त्याला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवू नये. काही आठवड्यांत प्रकाश हळूहळू वाढवावा.

दुसरी अट पाण्याच्या स्थैर्याची. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, सामू ८.१ ते ८.४, आणि प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने वाढता शिंपला पाण्यातील कॅल्शियम आणि क्षारता सतत शोषून घेतो. ती मोजून पुन्हा भरावी लागते. अमोनिया मुळीच नसावा. नायट्रेट मात्र अगदी शून्य असू नये, कारण शैवालांना थोडे नत्र हवेच. माशांच्या काही औषधांत तांबे असते. ते शिंपल्याला विषासमान आहे. असे औषध त्या पेटीत कधीही टाकू नये. नवीन पेटी किमान सहा महिने स्थिरावल्याशिवाय शिंपला आणण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट जागेची. क्रोशिया व मॅक्झिमा खडकावर, तर डेरासा व स्क्वामोसा वाळूवर ठेवतात. शिंपला तळाकडील बारीक चिवट धाग्यांनी खडकाला धरून बसतो. त्याला ओढून काढल्यास धाग्यांच्या मुळाशी इजा होते आणि तो दगावू शकतो. हलवणे अटळच असेल तर धागे धारदार पात्याने अलगद कापावेत. पाण्याचा प्रवाह मंद आणि फिरता असावा. पंपाचा झोत थेट प्रावारावर येऊ नये. एंजलफिश, बटरफ्लायफिश असे मासे प्रावार कुरतडतात, म्हणून सोबती निवडून घ्यावेत. भाताच्या दाण्याएवढ्या परजीवी गोगलगायी रात्री कवचाच्या कडेला व तळाशी जमतात. त्या मऊ ब्रशने काढून टाकाव्यात.

निरोगी शिंपल्याचा प्रावार कवचाबाहेर भरगच्च पसरतो, सावली पडताच तो चटकन आकसतो, आणि कवचाच्या काठावर नव्या वाढीची पांढरी रेघ दिसते. प्रावार दिवसेंदिवस आत ओढलेला राहणे, सावलीला प्रतिसाद न देणे, पाणी आत घेण्याचे तोंड सैल उघडे पडणे किंवा मधला भाग पांढरा पडणे, ही आजाराची लक्षणे होत.

आता लहान पेटीची अडचण पाहू. शंभर लिटरच्या पेटीतून एक लिटर पाण्याची वाफ झाली तरी उरलेल्या पाण्याचा खारेपणा एक टक्क्याने वाढतो. म्हणून रोज आरओचे गोडे पाणी मोजून घालावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पाणी थंड ठेवणारे चिलर यंत्र अखंड चालले तरच शिंपला जगेल. वीज काही तास गेली की पंप थांबतो, प्राणवायू घटतो आणि पाणी तापते. उन्हाळी सुट्टीत विद्यार्थी घरी गेल्यावर या पेटीचा सांभाळ कोण करणार? मोठ्या समुद्रात जे संतुलन आपोआप टिकते, ते लहान पेटीत माणसाला दिवसरात्र टिकवावे लागते.

तथापि आमच्या नकाराचे मुख्य कारण याहून मोठे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली मॅक्झिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हे शिंपले तसेच दगडी प्रवाळ समाविष्ट झाले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. परदेशात १९८० च्या दशकापासून पलाऊ या बेटराष्ट्रासारख्या ठिकाणी हॅचरीत पैदास केलेले शिंपले कागदपत्रांसह विकले जातात. तेथे राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तेच घ्यावेत. समुद्रातून उपटलेला शिंपला स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. या जीवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित असल्याने रिकामे कवचही परवान्याशिवाय सामानात घालून मायदेशी आणू नये.

येथे धम्माच्या अंगानेही विचार करणे उचित ठरेल. पाली साहित्यात धम्मविनयाला महासागराची उपमा दिली आहे आणि समुद्राच्या रत्नांत मोती, शंख, प्रवाळ यांच्यासोबत ‘मसारगल्ल’ हे नाव येते. ते एखादे मौल्यवान खडे असावे असे मानतात. परंतु बौद्ध ग्रंथांतील सप्तरत्नांची नावे चिनी भाषेत आणताना त्या जागी महाशिंपल्याच्या कवचासाठीचा शब्द योजला गेला. पुढे त्या कवचाच्या जपमाळा आणि कोरीव वस्तू होऊ लागल्या. अलीकडच्या काळात या मागणीपायी दक्षिण चिनी समुद्रात शिंपले खणून काढताना कित्येक प्रवाळभित्ती उद्ध्वस्त झाल्या, आणि अखेर चीनच्या हैनान प्रांताला २०१७ पासून या व्यापारावर बंदी घालावी लागली. ज्या वस्तूला आपण पवित्र म्हणतो, ती मिळवताना जीवसृष्टी उजाड होत असेल, तर त्या पावित्र्याला अर्थ उरत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत भेद करून दाखवला आहे. काचेमागची शोभा ही गरज नव्हे. आणि जे दिलेले नाही ते न घेण्याचे शील समुद्रालाही लागू आहे, असे आम्ही मानतो.

तेव्हा भेट नाकारताना आम्ही तिचे रूप बदलण्याची विनंती करतो. आपल्या नद्या-तलावांत गोड्या पाण्याचे शिंपले आहेत. त्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे मासे नाहीत तर शिंपले नाहीत. मोठे शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. दोन काचेच्या बरण्यांत नदीचे गढूळ पाणी घ्यावे. दोहोंत बोटभर वाळू घालावी आणि एकीत शिंपला ठेवावा. काही तासांत फरक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना दिसेल. त्याच सायंकाळी शिंपला जिथून आणला तिथेच सोडावा. या अभ्यासाला लागते ती केवळ एक साधी पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि पाणी तपासण्याचे साहित्य. उरलेल्या निधीतून दहावीच्या विद्यार्थ्यांची मालवणला सहल काढता येईल. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जिवंत प्रवाळ त्याच्या स्वतःच्या घरी पाहता येतो.

ज्या विद्यार्थ्याने मातीच्या घरातून येऊन येथे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, त्याच्याच हातून ही भेट यावी, याहून आनंद कोणता? परदेशी आपल्या पेटीतील शिंपल्याची तो जी रोजची निगा राखतो, तीच निगा येथील तापीच्या पाण्याला मिळावी, एवढीच आमची अपेक्षा. सर्व माजी विद्यार्थी आणि पालक यांना मंगल मैत्री.