सात रात्री, एक चार्जर

इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एका चार्जमध्ये किती जाते? सिंगापूरमध्ये हा प्रश्न तसा बिनमहत्त्वाचा. पूर्व-पश्चिम जेमतेम 50 किलोमीटरचं बेट, गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे! इथे खरा प्रश्न वेगळा आहे: गाडी लावायची कुठे आणि कुणाच्या चार्जरला?

युरोप-अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या घराला गॅरेज असतं. भिंतीवर चार्जर लावला, रात्री केबल जोडली, सकाळी गाडी तयार. इथे जवळपास 80 टक्के रहिवासी एचडीबीच्या घरांत राहतात आणि उरलेल्यांतले बरेच काँडोमध्ये. दहाव्या मजल्यावरून वायर काही खाली सोडता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘घरी चार्ज करणं’ म्हणजे खालच्या कारपार्कमध्ये चार्ज करणं. तो चार्जर आपला एकट्याचा नसतो. चाळीतल्या नळासारखा तो सगळ्यांचा असतो.

सरकारने 2030 पर्यंत 60,000 चार्जिंग पॉइंटचं उद्दिष्ट ठेवलं आहे, 40,000 सार्वजनिक कारपार्कमध्ये आणि 20,000 खासगी जागांत. त्याच वर्षापासून नव्याने नोंदवली जाणारी प्रत्येक कार स्वच्छ ऊर्जेवरची असावी लागेल. म्हणजे सीओईची दहा वर्षं संपत आलेल्या घरांत हा विषय आज ना उद्या जेवणाच्या टेबलावर येणारच.

आता थोडं गणित. कारपार्कमधले बहुतेक चार्जर संथ, साधारण 7.4 किलोवॅटचे. एका युनिटमध्ये गाडी सुमारे 6 किलोमीटर जाते असं धरू. रोजचं 45 किलोमीटर फिरणं धरलं, तर आठवड्याला साधारण 52 युनिट लागतात. म्हणजे सात तासांचं चार्जिंग, एका रात्रीचं काम. आठवड्याला रात्री सात. प्रत्येकाने आपापली रात्र धरली तर एक चार्जर सात घरांना पुरतो! पण सगळ्यांनाच रविवारी संध्याकाळी आठवण झाली, किंवा दोघांनी ‘असू दे जोडलेली’ म्हणून दिवसभर गाडी तिथेच ठेवली, तर तोच चार्जर तिघांनाही पुरत नाही. काही कंपन्या चार्जिंग संपल्यावरही गाडी न हलवणाऱ्यांना वेगळे पैसे लावतात, ते यासाठीच. घरगुती विजेपेक्षा सार्वजनिक चार्जरचा दर बराच जास्त असतो, हेही हिशोबात धरावं.

काँडोत हा प्रश्न सभेत जातो. “माझ्याकडे गाडी नाही, मी का पैसे भरू?” हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तरं आहेत. 2021 मध्ये सरकारने काँडोतल्या सामाईक चार्जरच्या खर्चापैकी निम्मा, तेव्हा चार्जरमागे 4,000 डॉलरपर्यंत, अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. वापरलेल्या विजेचं बिल वापरणाऱ्यालाच लावता येतं. डिसेंबर 2023 मध्ये लागू झालेल्या कायद्याने चार्जरची नोंदणी सक्तीची केली. शिवाय पूर्वी ज्या ठरावांना 90 टक्के मतं लागत, त्यांपैकी चार्जिंगच्या ठरावांना आता निम्म्याहून अधिक मतं पुरतात. तरी शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेलं बरं. ठराव मतांनी होतो, पण कारपार्क रोज एकत्र वापरायचं असतं.

लांबचा प्रवास म्हणजे अर्थातच मलेशिया. पेट्रोल गाडीला चेकपॉइंटवर पाऊण टाकी भरलेली दाखवावी लागते. इलेक्ट्रिक गाडीला टाकीच नाही, त्यामुळे ती कटकट सुटली. क्वालालंपूर साधारण 350 किलोमीटर. चढत्या वेगाने आणि एसी लावून निघालं तर वाटेत एकदा थांबणं शहाणपणाचं. उत्तर-दक्षिण महामार्गावर जलद चार्जर आहेत, आणि प्लग दोन्हीकडे सीसीएस-2च असल्याने जोडणीची अडचण नाही. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. तिथल्या चार्जिंग कंपन्यांची अ‍ॅप घरीच उतरवून, कार्ड जोडून ठेवावीत. आणि ठरवलेला चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत पोहोचण्याइतकी बॅटरी शिल्लक राहील असा थांबा निवडावा. जलद चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग खूप मंदावतो. शेवटच्या 20 टक्क्यांसाठी थांबलं की आपला वेळ जातो आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाचाही. दिवाळीच्या सुट्टीत ती रांग लांब असते, आणि मागच्या गाडीतलं लहान मूल आपल्यासारखंच कंटाळलेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या आपल्या भावंडांपुढेही नेमका हाच पेच आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घराच्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. तरी सोसायटीच्या पार्किंगपर्यंत केबल नेताना ‘आधी परवानगी आणा’ हे वाक्य ऐकावं लागतंच. त्यांना माझं सांगणं एवढंच, की एकट्याच्या चार्जरसाठी अर्ज करण्याआधी इमारतीत आणखी कोण गाडी घेणार आहे ते विचारा. पाच जणांचा मिळून अर्ज गेला, इमारतीला किती वीजभार झेपेल ते तंत्रज्ञाकडून तपासून घेतलं आणि प्रत्येकाचा मीटर वेगळा ठेवला, तर सेक्रेटरींच्या बहुतेक शंका तिथेच मिटतात. आणि रात्री कोणी कधी लावायची, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ठरवता येतं. सुप्रभातचे संदेश थोडे कमी झाले तरी चालतील!