गवयाचे हातवारे आणि नवें यंत्रशास्त्र

गाणें हा केवळ कानाचा विषय आहे, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची एक दृढ समजूत होऊन बसली आहे. गवई गाऊं लागला म्हणजे त्याचा हात वर जातो, बोटें उलगडतात, मान डोलते. या सर्व प्रकारास आपण 'हातवारे' हा किंचित् उपहासाचा शब्द योजतों, आणि घरांतील मूल गातांना हात हलवूं लागलें कीं 'हात आवर' म्हणून त्यास बजावतों. मुलीच्या बाबतींत तर ही ताकीद अधिकच कडक असते. ती शास्त्रास धरून आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. अलीकडे यंत्रांच्या साहाय्यानें या प्रश्नाचें जें उत्तर मिळूं लागलें आहे, तें मुलांना गाणें शिकविणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखें आहे.

प्रथम आपल्याच ग्रंथांकडे वळूं. आमच्या बीडच्या शेजारीं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत, दौलताबादचा किल्ला आहे. हीच यादवांची देवगिरी. तेथें सिंघण राजाच्या कारकीर्दींत (इ. स. १२१० ते १२४७) शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होऊन गेला. त्याचा आजा काश्मीरांतून दक्षिणेंत आला होता. शार्ङ्गदेव स्वतः राजदरबारीं हिशेबाचा अधिकारी. परंतु त्याचें नांव राहिलें तें 'संगीतरत्नाकर' या ग्रंथामुळें. हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही त्यास प्रमाण मानतात. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस मिळूनच तो 'संगीत' म्हणतो. त्याच्या सात अध्यायांपैकीं शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे, आणि पहिल्या अध्यायांत स्वरांचें विवेचन करण्यापूर्वीं त्यानें मनुष्यदेहाच्या उत्पत्तीचें प्रकरण घातलें आहे. नाद देहांत उपजतो, मंद्र हृदयांत, मध्य कंठांत व तार मस्तकांत, अशी त्याची मांडणी आहे. देह वगळून संगीत ही कल्पनाच त्यास मान्य नव्हती.

तालाच्या अध्यायांत तर त्यानें हाताच्या क्रियांचे दोन वर्ग सांगितले आहेत: सशब्द आणि निःशब्द, प्रत्येकीं चार. निःशब्द क्रियेंत आवाज मुळींच नाहीं. हात उचलणें, बोटें पसरणें किंवा आवळणें यांनींच काळ मोजावयाचा. ही परंपरा आजही आपल्या घरांत जिवंत आहे. त्रितालाच्या १६ मात्रांत १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी पडते, व ९ व्या मात्रेवर 'खाली' म्हणून हात नुसता बाजूस नेला जातो. म्हणजे जेथें टाळीचा आवाज नाहीं, तेथें तालाचें स्थान हालचालच राखून ठेवते.

येथें कोणी विद्वान् आक्षेप घेईल कीं, याच ग्रंथांत गायकाचे २५ दोष सांगितले आहेत, त्यांत अंगविक्षेपाचाही समावेश आहे. तें खरें आहे. मान वांकडी करून गाणारा 'वक्री', गाल भोंपळ्यासारखे फुगविणारा 'तुंबकी', उंटासारखी मान उंचावणारा 'करभ', अंग पसरणारा 'प्रसारी', डोळे मिटून गाणारा 'निमीलक', अशीं नांवें तेथें आढळतात. परंतु बारकाईनें पाहिलें तर यांतील बहुतेक दोष गळा, मुख व मान यांवरील ताणाचे किंवा विद्रूपतेचे आहेत. स्वराबरोबर सहज वळणाऱ्या हातास त्यांत गोंवण्याचें कारण दिसत नाहीं. ताण निराळा आणि हालचाल निराळी, हा विवेक ठेवला म्हणजे विरोध राहत नाहीं.

मग गाणें हा कानाचाच विषय, ही समजूत दृढ कशानें झाली? माझ्या मतें तिचें एक मोठें कारण यंत्र हेंच आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास भारतांतील पहिलीं मोठीं ध्वनिमुद्रणें केलीं. गौहरजान ही त्यांत गायली. तबकडींतून आवाज घरोघर गेला, पण गाणारें माणूस मागें राहिलें. पुढें आकाशवाणीनेंही तेंच केलें. या यंत्रांचे उपकार थोडे नाहींत. खेड्यांतील माणसास थोर गवई त्यांच्यामुळेंच ऐकावयास मिळाले. परंतु देहावांचून गाणें ऐकण्याची संवय दोन-तीन पिढ्यांस त्यांनींच लावली.

आतां नवल असें कीं, यंत्रानें जें तोडलें तें यंत्रच पुन्हां जोडूं पाहत आहे. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रांत (स्थापना १९६९) सुवर्णलता राव आणि हॉलंडचे विम व्हान देर मेर यांनीं असा एक उपक्रम केला कीं, गाणें चालूं असतां स्वराची रेषा पडद्यावर चढत-उतरत पुढें सरकते. मींड आणि आंदोलन हे बिंदू नसून वळणें आहेत, हें या रेषेवरून डोळ्यांस दिसतें. अमेरिकन अभ्यासक मॅथ्यू रहेम हे पं. विकास कशाळकर यांच्याकडे गाणें शिकले, आणि २०१२ सालीं त्यांनीं हिंदुस्थानी गायकांच्या हातांवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. गायकाचा हात शब्दांचा अभिनय करीत नाहीं, तर स्वराची आकृति अवकाशांत रेखाटतो, असें त्यांचें म्हणणें आहे. तसेंच हात कसा हलवावा हें गुरु कधींच शिकवीत नाहींत, तरी शिष्याच्या हातांत गुरूच्या हाताचें वळण उतरतें, असें त्यांनीं दाखविलें आहे.

याच्याही पुढचें पाऊल म्हणजे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रीती राव आणि इंग्लंडांतील डरहॅम विद्यापीठाचे मार्टिन क्लेटन यांचें कार्य. पूर्वीं देहाची हालचाल मोजावयाची तर अंगावर चमकत्या खुणा चिकटवून गायकास प्रयोगशाळेंत बसवावें लागे. आतां साध्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या प्रत्येक चित्रांतून मनगट, कोपर, खांदा यांचीं स्थानें संगणक स्वतः शोधून काढतो. त्यामुळें गायक आपल्या नेहमींच्या बैठकींत मोकळेपणानें गाऊं शकतो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत तीन गायकांनीं गायिलेल्या नऊ रागांचे आलाप होते. लहानसा तुकडा देऊन राग कोणता, हें संगणकानें ओळखावयाचें होतें. आवाजाच्या जोडीस हाताच्या हालचालीची माहिती दिली असतां ओळखीस कांहीं लाभ होतो, असें दिसून आलें. हात निरर्थक हलत असता तर हें झालें नसतें.

हा नियम गायकापुरताच नाहीं, श्रोत्यासही लागू आहे. नॉर्वेंतील ऑस्लो विद्यापीठांत २०१२ पासून एक गमतीची स्पर्धा भरविली गेली: जो सर्वांत निश्चल उभा राहील तो जिंकला! मोजणारीं यंत्रें मिलिमीटरांचा हिशेब ठेवीत. संगीत सुरू झालें कीं, निश्चल राहण्याचा निश्चय करून उभे असलेले लोकही शांततेपेक्षां किंचित् अधिक हलतात, असें त्यांत आढळलें. आमच्या लिंबागणेशास कीर्तनांत उभे राहिलेले टाळकरी ज्यानें पाहिले आहेत, त्यास याचें नवल वाटणार नाहीं. टाळ हातांत, अभंग मुखांत आणि ठेका पावलांत, हीं तेथें तीन कामें नसतात, एकच असतें.

आतां घरच्या गोष्टीकडे येऊं. कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या दोन विदुषींनीं २००५ सालीं सात महिन्यांच्या तान्ह्या मुलांवर एक प्रयोग केला. आघातांत ठळकपणा नसलेली एकच लय सर्वांस ऐकविली. कांहींना दर दुसऱ्या ठोक्यावर, तर कांहींना दर तिसऱ्या ठोक्यावर हातांवर झुलविलें. नंतर ज्या मुलास जसें झुलविलें होतें, तशाच आघातांची लय त्यानें अधिक आवडीनें ऐकली. म्हणजे कान काय ऐकतो हें देह ठरवितो. नातवंडास मांडीवर घेऊन ठेक्यावर झुलविणारी आजी त्यास तालाचा पहिला पाठ देत असते. मोबाइलवर तेंच गीत लावून मूल एकीकडे ठेवून दिलें, तर हा पाठ बुडतो.

वृद्धांसही याचा उपयोग आहे. अमेरिकेंत मायकेल थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं कंपवाताच्या रोग्यांस तीन आठवडे ठेक्याच्या साथीनें चालविलें. त्यांच्या चालण्याचा वेग २५ टक्क्यांनीं व पावलाची लांबी १२ टक्क्यांनीं वाढली. वैद्यकीय सल्ल्यावांचून असे प्रयोग घरीं करूं नयेत हें उघड आहे. तथापि ठेका पावलांस वाट दाखवितो, एवढें यावरून कळतें.

सारांश, पालकांस माझें सांगणें इतकेंच. मुलास तबल्याचें यंत्र लावून देण्यापूर्वीं त्यास हातानें टाळी-खाली धरावयास शिकवा. यंत्र ताल मोजून देतें, पण तो अंगांत मुरवूं शकत नाहीं. गातांना मुलाची मान ताठली, जबडा आवळला किंवा शिरा फुगल्या तर अवश्य थांबवा. तो खरा दोष आहे. पण आलापाबरोबर हात मोकळेपणानें वळत असेल तर त्यास अडवूं नका. आणि हा नियम मुलास एक व मुलीस एक असा लावूं नका. जो हात स्वराचें वळण रेखाटीत आहे त्यास बांधून ठेवणें म्हणजे विद्येचेंच एक अंग बांधून ठेवणें होय. संगणकास मनगट कोठें आहे तें कळतें; तें तेथें कां गेलें, हें सांगावयास मात्र अजून गुरुच लागतो, आणि घरांत गाणारीं माणसें लागतात.