बार टाकला, पण गाडी वळली का?

माझी पहिली स्पोर्ट्स कार मी २०१३ साली घेतली. मँचेस्टरला ऑनसाइट होतो, एकटा होतो आणि तिकडे सेकंडहँड गाड्या किती स्वस्त मिळतात हे नुकतंच कळलं होतं. गाडी १९९७ सालची, माझदा एमएक्स-५. माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाची मिनीबस आठवते, म्हणून खुलासा करतो. ही दोन सीटची, कापडी टप मागे पाडता येणारी, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे वर काढणारी इटुकली रोडस्टर. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली आणि कमी बजेटवाल्या शौकिनांची लाडकी होऊन बसली. वजन जेमतेम हजार किलो, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आणखी काय पाहिजे?

पाहिजे होतं ना! गाडी घेऊन महिना झाला नाही तोच डोक्यात किडा वळवळायला लागला: चॅसी कडक करायची. खराब रस्त्यावर आतला आरसा थरथरायचा, डॅशबोर्ड कुरकुरायचा. सगळे म्हणाले, स्ट्रट बार टाक. बॉनेट उघडलं की दोन बाजूंना शॉकअप जिथे वर येऊन टेकतात, त्या दोन ठिकाणांना जोडणारी ही आडवी दांडी. नव्वद पौंड मोजले. लालभडक होती, एकदम झकास दिसायची. पहिल्याच रविवारी बक्स्टनच्या डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर गेलो आणि रूममेटला सांगितलं, 'बघ, वेगळीच गाडी वाटतेय की नाही!'

त्याला काहीच वाटलं नव्हतं. पण तो सोलापूरचा, त्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. म्हणाला, 'अरे, मग टेस्ट करू की.'

टेस्ट अशी: चार नट काढले की बार निघतो, दहा मिनिटांचं काम. मी चहा घ्यायला आत जायचं, त्याने बार ठेवायचा किंवा काढायचा आणि बॉनेट बंद करायचं. मग मी तोच सहा मैलांचा फेरा मारायचा आणि सांगायचं, बार आहे की नाही. दोन रविवारांत सहा फेरे झाले. माझी तीन उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती!

असं का झालं, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून दोन्ही हातांनी पिळा, फारसा पिळत नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा. उघड्या टपाची गाडी म्हणजे बिनझाकणाचा खोका. वळणावर एका कोपऱ्यात भार येतो आणि सगळी बॉडी किंचित पिळली जाते.

आता सस्पेन्शनला गादी समजा आणि बॉडीला खाट. सुंभाची बाज सैल असेल तर गादी कितीही भारी आणा, पाठ खड्ड्यातच जाणार. गाडीत पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं आणि अँटी-रोल बारचं गणित इंजिनिअरांनी बसवलेलं असतं, त्यावर गाडी कशी वळेल हे ठरतं. बॉडीच पिळत राहिली तर ते गणित चाकांपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे कडक चॅसीचा फंडा शंभर टक्के खरा आहे. पण खाट पुरेशी ताठ झाल्यावर तिला आणखी लोखंड ठोकून झोपेत काय फरक पडणार? कंपनीच्या नरम स्प्रिंगा आणि साधे टायर असतील तर ती 'पुरेशी'ची रेघ लवकर येते. ट्रॅकसाठी कडक स्प्रिंगा आणि चिकट टायर लावलेत तर ती पुढे सरकते.

दुसरी गंमत माझ्या गाडीपुरती. एमएक्स-५ला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. वळताना चाकावर आडवा जोर येतो, तो वर-खाली बसवलेल्या दोन आर्म घेतात आणि खालच्या सबफ्रेमला देतात. वरच्या टोकाला येतो तो मुख्यतः स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा जोर. म्हणजे माझा लाल बार जिथे बसला होता, तिथे त्याला फारसं कामच नव्हतं! आपल्याकडच्या स्विफ्ट किंवा पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात आडव्या जोराचा काही वाटा वरच्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे तिथे असल्या बारला निदान बसायला कारण तरी आहे. अर्थात पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर तिथेही मी आधी टायरच घेईन.

माझदाला हे सगळं माहीत होतंच. १९९४ साली १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा त्यांनी सीटांच्या मागे, बेल्टच्या दोन खांबांमध्ये एक आडवा बार टाकला आणि पुढच्या-मागच्या सबफ्रेमलाही आधार दिले. माझी गाडी त्यानंतरची. म्हणजे कंपनीने योग्य जागी, फुकटात दिलेले बार माझ्याकडे होतेच. मी विकत घेतला तो शोभेचा.

तरी आरसा थरथरायचाच. या गाडीचा खरा कच्चा भाग दारांच्या मधला, असं एव्हाना वाचून झालं होतं. म्हणून गाडीखाली, फरशीच्या दोन लांब पन्हाळ्यांवर बसणारे जाड रेल मागवले आणि ते बसवायला फक्त याच गाड्यांचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, रेलकडे बघितलंही नाही. दाराच्या खाली लांबलचक पोकळ पेटीसारखा भाग असतो, त्याला सिल म्हणतात. मागच्या चाकाजवळ त्याने तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि थोडा दाबला. दांड्यापर्यंत आत गेला.

मी नुसता बघत राहिलो.

झालं होतं असं की टपावरचं पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्या होत्या. पाणी सिलमध्ये उतरत होतं आणि पत्रा आतून खात होतं. बाहेर रंग शाबूत. वर तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते वेगळंच. छत नसलेल्या गाडीची ताकद मुख्यतः फरशीत आणि या दोन सिलमध्येच असते. १९९६ची लोटस एलिस आठवा. तिच्या सिल इतक्या उंच आणि रुंद की आत बसणं म्हणजे योगासन! ते उगाच नाही. आणि माझ्या सिल बिस्किटासारख्या झालेल्या असताना मी वर लाल दांडी मिरवत होतो. सीटबेल्टचा खांबही तिथून जवळच उभा असतो. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

दोन्ही बाजूंचा पत्रा कापून नवा वेल्ड केला. साडेसातशे पौंड गेले, म्हणजे त्या वर्षीची भारतवारी गेली. आईला कारण सांगितलं ते ऑफिसच्या कामाचं. सोबत चांगले टायर घेतले आणि चारही चाकांचं अलाइनमेंट नीट करून घेतलं. या गाडीत पुढे-मागे कॅम्बर आणि टो दोन्ही जुळवता येतात आणि माझे भलतीकडेच होते. पुन्हा बक्स्टनचा रस्ता धरला. स्टिअरिंग फिरवताच नाक वळायचं, मधल्या खड्ड्याने गाडीची रेघ मोडायची नाही. रूममेटसुद्धा म्हणाला, 'आता काहीतरी झालंय खरं.'

रेल सर्वांत शेवटी बसवले. त्यांचा फरक मात्र कळला. आरशातली मागची गाडी थरथरायची थांबली, डॅशबोर्ड गप्प झाला. गाडी वेगात वळायला लागली का? नाही. पकड टायर देतात, ती तेवढीच राहिली. फक्त चाकाखाली काय चाललंय ते हाताला स्वच्छ कळायला लागलं आणि त्यामुळे मी निवांत झालो. मला तरी ते पैसे वसूल वाटले. आणि कडकपणा म्हणजेच हँडलिंग असं वाटत असेल तर गो-कार्ट बघा. तिला सस्पेन्शनच नसतं, तिची फ्रेम मुद्दाम लवचीक ठेवतात, वळताना ती पिळली की आतलं मागचं चाक उचललं जातं आणि म्हणूनच ती वळते.

लाल बार मी पुढे चाळीस पौंडांना एका कॉलेजच्या पोराला विकला. आठवड्याने त्याचा फोन आला, गाडी पूर्ण बदलली म्हणे! मी त्याला फक्त विचारलं, सिल तपासल्यास का?