रोलर्सवरची सायकल

जमिनीवर एक चौकट, तीत आडवे बसवलेले तीन गुळगुळीत रूळ. मागच्या चाकाखाली दोन, पुढच्याखाली एक. स्वयंपाकघरातली दांडगी लाटणीच म्हणा ना! मागचा रूळ फिरला की पट्ट्यामुळे पुढचाही फिरतो. यांना रोलर्स म्हणतात. त्यावर आपली नेहमीची सायकल नुसती उभी करायची आणि पॅडल मारायला लागायचं. जिममधल्या सायकलसारखा आधार नाही, मागचं चाक आवळून धरणारं काही नाही. मीटरवर ताशी ३६ किलोमीटर दिसतात, स्वार मात्र दिवाणखान्यातून इंचभरही पुढे जात नाही.

मग ती पडत का नाही?

लहानपणी कानावर पडलेलं उत्तर असतं, ‘चाकं भिंगरीसारखी फिरतात म्हणून.’ अर्धंमुर्धंच खरं. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं आणखी एक चाक लावून भिंगरीचा तो परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरी सायकल आरामात चालवता आली. हे त्यानं १९७० साली लिहिलं. तोल राहतो तो हँडलमुळे. डावीकडे कललात की हँडल डावीकडे वळतं, चाकं सरकून पुन्हा तुमच्या वजनाखाली येतात. आपण आयुष्यभर हेच करत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

रोलर्सवरही नेमकं हेच घडतं. रुळाचा पृष्ठभाग चाकाखालून मागे धावतो, त्यामुळे हँडल जरा तिरकं झालं की चाक त्या बाजूला सरकतं. पुढे कोण जातंय, सायकल की खालची जमीन, याच्याशी तोलाला काही देणंघेणं नाही. संथ, सरळ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत उडणाऱ्या फुलपाखरांना जहाज चाललंय हे कळत नाही, असं गॅलिलिओनं १६३२ सालीच सांगून ठेवलं होतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर सायकल भल्यामोठ्या ट्रेडमिलवर सोडून मोजमापं घेतली. रस्त्यावरच्या सायकलचंच गणित तिथेही लागू पडलं. रोलर्सचा तो पट्टा मात्र निसटू द्या. पुढचं चाक थांबतं, हँडल वळवून काही साधत नाही, आणि स्वार कलंडतो.

पडण्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण ती भलत्याच गोष्टीची. ताशी ३६ किलोमीटरनं फिरणारी चाकं रुळावरून उतरली तर आपण थेट खिडकीबाहेर? मुळीच नाही. रस्त्यावर या वेगात स्वार आणि त्याची सायकल मिळून ८० किलो धरले तर त्यांच्यात ४,००० ज्यूल ऊर्जा असते. इथे स्वार स्थिर आहे, फिरतात फक्त चाकं; रिम आणि टायर मिळून दोनेक किलो धरले तर हिशेब शंभरेक ज्यूलवर आटोपतो. सायकल जेमतेम सरकते आणि आडवी होते. (कोपर सोलवटायला तेवढं पुरतं, म्हणूनच नवशिके दाराच्या चौकटीत रोलर्स मांडतात; दोन्ही हातांना आधार मिळतो.)

साठवलेली ही ऊर्जा रोलर्सवर नसते, त्याचा दुसरा परिणाम मला जास्त गमतीचा वाटतो. रस्त्यावर आपण दणके देत पॅडल मारतो आणि अंगचा वेग ते दणके लपवतो. रोलर्सवर झाकायला काहीच नाही. पाय थांबले की काही क्षणांत चाकंही थांबतात, आणि पाय ओबडधोबड फिरले तर स्वार सीटवर उड्या मारू लागतो. ट्रॅकवरचे शर्यतपटू स्पर्धेआधी अंग गरम करायला रोलर्सवर बसतात तेव्हा पायांचा वेग भन्नाट असतो, पण कमरेवरचं शरीर जवळपास निश्चल.

आणि वारा! सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरला हवा कापण्यातच २०० वॅटच्या आसपास खर्च होतात. वेग दुप्पट केला तर आठपट. ती हवा बाजूला केली की काय होतं, हे चार्ल्स मर्फीनं ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर दाखवलं. आगगाडीच्या रुळांमध्ये फळ्या अंथरल्या होत्या, गाडीच्या शेवटच्या डब्यामागे वारा अडवणारा आडोसा होता, आणि त्या आडोशात त्यानं मैलभर अंतर ५७.८ सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी १०० किलोमीटर! रोलर्सवर हा आडोसा घरबसल्या मिळतो. साधे रोलर्स म्हणूनच फार अवघड वाटत नाहीत. तिथला विरोध येतो मुख्यतः रुळावर दबणाऱ्या टायरमधून. रूळ जितका बारीक, तितका टायर जास्त दबतो आणि पाय जास्त भरून येतात.

वारा गेला त्याची किंमत मात्र अंग मोजतं. पॅडलला २०० वॅट देताना शरीर आणखी ६०० ते ८०० वॅट उष्णता तयार करतं. ती घालवायला तासाला साधारण लिटरभर घामाची वाफ व्हावी लागते. नुसता टपकलेला घाम काही थंडावा देत नाही. जुलैतल्या मुंबईत, हवाच पाण्यानं भरलेली असताना, वाफ होणार कशी? पाऊस चुकवायला घरात सायकल मांडणारा माणूस अर्ध्या तासात पावसात गेल्यापेक्षा जास्त भिजतो. रोलर्स विकत घेणाऱ्याला मी आधी एक मोठा पंखा घ्यायला सांगेन, आणि तो पुढून, छातीच्या उंचीवर लावायला.